निळ्या पडद्यावरचा घास

सतीशने बशीत दोन घास पोहे ठेवले आणि त्याचं लग्न ठरलं.

ठेवले ते काही विचार करून नव्हे. न्हावऱ्याहून कवठे येमाईला मुलगी बघायला निघताना आईने त्याला तीनदा बजावलं होतं, की बशी चाटूनपुसून खाऊ नकोस, लोकांना वाटतं ह्यांच्या घरात खायला मिळत नाही. भूक लागलेली होती, पोहे चांगले झाले होते, तरी त्याने मन मारून दोन घास ठेवले. बशा उचलायला प्राची आली. तिने त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी बशीकडे बघितलं आणि अशी हसली, की त्याचा मामा पुढे गावभर सांगत सुटला, पोरगी हसली तिथंच काम झालं. आठ दिवसांत होकाराचा निरोप आला. दोन हजार दोनच्या मे महिन्यात लग्न लागलं आणि जूनमध्ये दोघं शिक्रापूरला चाकण रोडच्या एका खोलीत राहायला आली.

पहिल्याच महिन्यात सतीशने तिला विचारलं, काय बघून हो म्हणालीस. माणसाला अशा वेळी डोळे, नाक, पगार, असलं काहीतरी ऐकायचं असतं.

"तुम्ही घास ठेवला ना बशीत," प्राची म्हणाली. "पिक्चरमधल्यावाणी. तवाच म्हणलं, हाच."

सतीश खूश झाला. कुठल्याशा इंग्रजी पिक्चरच्या हिरोशी बायको आपली बरोबरी करते, याहून जास्त काय पाहिजे. आईची शिकवण त्याने पोटात ठेवली आणि त्या दिवसापासून रोज जेवणात शेवटचा घास ताटात ठेवायला लागला. प्राची तो उचलून खायची. तीन वर्षं हे चाललं.

तो पिक्चर, प्राची सांगते तसा

कवठ्याच्या वस्तीत भीमजयंतीला रंगीत टीव्ही आणि सीडीचं मशीन भाड्याने आणायची पद्धत होती. नव्व्याण्णव साली रात्री वीज नसायची, म्हणून भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून शो करायचे. पुरुष दाराच्या बाजूला, बायका आतल्या बाजूला. त्या वर्षी शिरूरच्या दुकानदाराने कव्हर एका हिंदी पिक्चरचं दिलं आणि आत डिस्का निघाल्या इंग्रजीच्या. बदलून आणायला एसटी नव्हती आणि माणसं तर जागा धरून बसलेली. तेव्हा वस्तीतल्या एकाचा भाचा, दौंडचा धम्मदीप, उठला. त्याने भाषणासाठी आणलेला माईक हातात घेतला आणि पडद्यावर काय चाललंय ते मराठीत सांगायला लागला. त्याला इंग्रजी कितपत येतं हे कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी एवढा रंग भरला, की तोच पिक्चर तीन दिवस लावावा लागला.

तर एक मोठं जहाज असतं आभाळात चाललेलं. दोनशे वर्षांचा प्रवास. माणसांना पेट्यांत झोपवून ठेवलंय. डोकं इतकी वर्षं रिकामं राहिलं तर गंजेल, म्हणून मशीन त्यांच्या डोक्यात आठवणी भरत राहतं. आणि चुकून एकाच्या आठवणी दुसऱ्याच्या डोक्यात जातात. दोन गडी जागे होतात. दोघांना एकच घर आठवतंय, घरापुढचा एकच लिंब, आणि बायको एकच. मग ती बाईही उठते. तिच्या डोक्यातनं चेहरे सगळे पुसून गेलेले. ती दोघांना प्रश्न विचारते, आपलं लग्न कुठं झालं, मी आजारी कधी पडले, आणि दोघंही बरोबर उत्तरं देतात. कशातच कमी नाहीत. शेवटी ती विचारायचं सोडून देते आणि दोघांपुढे ताटं वाढते. एक जण सगळं खातो. दुसरा शेवटचा एक घास ठेवतो आणि ताट तिच्याकडे सरकवतो. आपण असं केलं हे त्याचं त्यालाही कळत नाही. बाई त्याचा हात धरते.

"आठवणी भरत्याल मशीननं," धम्मदीप माईकवर म्हणाला होता, "सवय कुठनं आणत्याल?"

प्राची हे सांगताना आवाज बदलायची. तो आवाज तिचा नव्हता हे सतीशला तीन वर्षांत कधी खटकलं नाही.

तोच पिक्चर, केबलवर

दोन हजार पाच. रविवारची दुपार. प्राचीने त्याला मोरीतून ओढून आणलं, तोच लागलाय म्हणाली, हिंदीत. जहाज तेच. पेट्या त्याच. दोन गडी जागे झाले, भांडले, एकाने दुसऱ्याला काचेपलीकडे ढकललं. उरलेला हिरो बायकोची पेटी शोधत फिरला. पेटीवर नाव सापडलं. त्याने झाकण उघडलं, तर आत कुणीच नव्हतं. ती बाई जहाजावर कधी चढलीच नव्हती. मशीनने ती नुसती भरली होती. हिरो आपल्या पेटीत परत जाऊन झोपला आणि नावं यायला लागली.

ताट नाही. घास नाही. बाई उठतसुद्धा नाही.

"कापलंय मेल्यांनी," प्राची म्हणाली. "जाहिरातींसाठी कापत्यात."

सतीशने चौकातल्या लायब्ररीतून त्याची सीडी आणली. एकदा तिच्याबरोबर बघितली, एकदा ती दळण आणायला गेली तेव्हा एकट्याने. बाई दोन्ही वेळा उठली नाही.

"डुप्लिकेट आसंल," प्राची म्हणाली. "मी ह्या डोळ्यांनी पाह्यलंय. स्टीलचं ताट व्हतं, काठाला पोचा आलेलं."

क्वालिटी

सतीश बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. ड्रॉइंगमध्ये नाही अशी रेघ झाकणावर आली, तर ती कुठून आली हे शोधायचं, हेच त्याचं काम. बहुतेक वेळा साच्यात कुणीतरी हात घातलेला असायचा.

पिक्चरच्या ड्रॉइंगमध्ये घास नव्हता. झाकणावर होता. मग साच्यात हात कुणाचा?

त्याचा विचार आठ दिवसांत असा सरकत गेला. घास धम्मदीपचा. प्राचीला घास आवडला म्हणजे धम्मदीपचं बोलणं आवडलं. त्या बोलण्याचं माप घेऊन ती बसली होती, आणि सतीश त्या मापात बसला, तेही आईने दटावल्यामुळे. तिने निवडलं ते आपल्याला की त्या माईकवरच्या आवाजाला? आणि रोज रात्री ती ताटातून उचलून खाते तो घास नेमका कुणाचा?

त्या दिवशी त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं. प्राचीने ताटाकडे बघितलं आणि ते मोरीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने त्याला विचारलं, भाजी कमी पडती का. त्याने हो म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी तिने भाजी जास्त केली, आणि त्याने तीही संपवली. पोट तडस लागून दुखलं, पण घास ठेवला नाही.

धम्मदीप, सतीशच्या डोक्यातला

उंच. केस मागे वळवलेले. नाही, भांग पाडलेला.

दौंडचा, म्हणजे बाप रेल्वेत असणार, म्हणजे क्वार्टर, म्हणजे लहानपणापासून पंखा.

मामाचं गाव कवठे. आडनाव वेगळं. म्हणजे सोयरीक जुळत होती. मग का नाही जुळली? की विचारणा झाली होती आणि आपल्याला कुणी...

लग्नात होता. सतीशला आता स्पष्ट आठवायला लागलं, की पंगतीत बुंदी वाढणारा एक उंच पोरगा प्राचीच्या बहिणीशी, गौतमीशी, हसत बोलत होता. त्याने अल्बम काढला. एकशे बारा फोटो. बुंदी वाढणारा पोरगा एकाही फोटोत नव्हता, यावरून तो फोटो टाळत होता हे सतीशच्या लक्षात आलं.

कवठ्याची माणसं

जत्रेला सासुरवाडीला गेला तेव्हा सतीशने विषय काढला. वस्तीतले कोंडिबा आबा म्हणाले, घास पाहिलेला त्यांना चांगला आठवतो, परात होती, पितळेची. सासूबाई पार्वतीबाई म्हणाल्या, कसली परात, पत्रावळ होती, आणि त्या बाईने हिरवं लुगडं नेसलं होतं. आभाळातल्या जहाजात लुगडं कुठून आलं, असं सतीशने विचारलं तर त्या चिडल्या, म्हणाल्या, मग उघडी बसंल का ती बिचारी. आबांचं म्हणणं पडलं की भाकरी बाजरीची होती. सासूबाईंनी ज्वारीची सांगितली. भाकरी होती याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं.

"जावई," आबा म्हणाले, "म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलंय. तुमी हुता का तिथं?"

सतीश नव्हता. नव्व्याण्णवच्या जयंतीला तो काविळीने न्हावऱ्याला घरात पडून होता. कवठ्याचं तोंडही तोवर त्याने पाहिलं नव्हतं. सबंध वस्तीने पाहिलेलं काहीतरी आपल्याच बायकोच्या बाबतीत आपण एकट्याने पाहिलं नाही, हे त्याला सोसेना.

दौंड

सुट्टीच्या दिवशी प्राचीला ओव्हरटाइम सांगून त्याने मोटरसायकल काढली. तळेगाव ढमढेरे, न्हावरे, पारगावचा पूल, चौफुला, दौंड. स्टेशनजवळ चौकशी केल्यावर कळलं, की धम्मदीप गाडीवर फिरवायच्या कॅसेटी भरून देतो. सभा आहे, लिलाव आहे, म्हैस हरवली आहे, सगळं त्याच्याच आवाजात.

दुकान म्हणजे गादीच्या स्पंजाने भिंती मढवलेली एक खोली. आत बुटका, टक्कल पडत चाललेला, पोट सुटलेला माणूस बसला होता. सतीशने त्यालाच विचारलं, धम्मदीप कुठे भेटतील. "बोला की," तो म्हणाला, आणि सतीशच्या अंगावर काटा आला. एवढ्याशा माणसात तो आवाज मावला कसा हेच कळेना. विहिरीत तोंड घालून कुणी हळू बोलावं तसा.

कवठ्याचा जावई म्हटल्यावर त्याने चहा सांगितला आणि दाजी म्हणायला लागला. दाजी म्हणतोय म्हणजे तिला बहीण मानतोय, असं सतीशला एक घोट वाटलं. दुसऱ्या घोटाला वाटलं, चोर असंच म्हणणार.

त्याने पिक्चरचं काढलं. धम्मदीप बराच वेळ हसला.

"दुसरी डिस्क चाललीच न्हाई, दाजी."

सतीशला कळलं नाही. धम्मदीपने नीट सांगितलं. पिक्चरच्या दोन डिस्का. पहिली व्यवस्थित झाली. दुसरीला चरे पडलेले होते. मशीनमध्ये घातली की पडदा निळा व्हायचा आणि तसाच राहायचा. माणसं बसलेली, घोंगड्या लावलेल्या, बाहेर ऊन. त्याला वाटलं, लोक उठेपर्यंत बोलत राहू. अर्धा तास बोलला. कुणीच उठलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"म्हंजी लोकांनी..."

"निळं बघितलं."

"त्ये म्हणत्यात आमी पाह्यलं. परात पाह्यली, लुगडं पाह्यलं."

"पाह्यलंच आसंल की. म्या तरी खोटं कशाला म्हणू?"

घासाचं कुठून आणलं, हे सतीशने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. धम्मदीपला सांगता येईना. बाप ठेवायचा आईसाठी, असं म्हणाला, मग म्हणाला, बाप न्हवं, चुलता असंल. पहिल्या दिवशी तो प्रसंग नव्हताच. पहिल्या दिवशी त्याने बाईला दोघांनाही सोडून द्यायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता ताट आलं. तेव्हा बायकांच्या बाजूने कुणीतरी हुंदका दिला, म्हणून तिसऱ्या दिवशी त्याने ते लांबवलं.

"कुणी दिला हुंदका?"

"आवो अंधार व्हता. आन् म्या निळ्याकडं तोंड करून."

"प्राची आसंल."

"कोण प्राची?"

सतीशने घर सांगितलं, बाप सांगितला, बहीण सांगितली. धम्मदीपने डोळे मिटून प्रामाणिकपणे आठवून बघितलं आणि मान हलवली. वस्तीत पोरी लय होत्या, म्हणाला.

इथे जीव खाली पडायला हवा होता. पडला नाही. ज्याच्या एका वाक्यावर आपल्या बायकोने माणूस पारखला, त्याला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही, याचा सतीशला उलट संताप आला. ह्याने फुकटात दिलेलं ती आठ दिवस जपते, आठ महिने जपते, सहा वर्षं जपते, आणि आपण रोज ठेवलेले घास तिने जपलेल्या त्या एकाच्या खात्यावर जातात.

"एकदा सांगा," तो म्हणाला. "मला. जसं तवा सांगितलं तसं."

धम्मदीपने घड्याळ बघितलं, चहाचा कप बाजूला ठेवला आणि सांगितलं. स्पंजाच्या भिंती. समोर काही नाही. आणि सतीशला ताट दिसलं. काठाला पोचा आलेलं. हात दिसला, ताट सरकवणारा, आणि त्या हाताकडे बघणारी बाई, आणि तिचं तोंड प्राचीचं. हात मात्र कुणाचा ते आवाज सांगेना.

उठताना धम्मदीप म्हणाला, "ताईला जयभीम सांगा."

पारगावचा पूल

पुलावर त्याने गाडी थांबवली. खाली पाणी कमी होतं. त्याने घसा साफ केला आणि मोठ्याने म्हटलं, एक मोठं जहाज असतं. आवाज पातळ आला. परत म्हटलं. उसाची ट्रॉली हॉर्न वाजवत गेली.

आवाज आपल्याकडे नाही, हे त्याला तिथंच कळून चुकलं. पण निळं सगळ्यांसाठी मोकळं होतं. तिथं परात ठेवता येते, लुगडं नेसवता येतं. मग तिथं एक माणूस का नाही बसवता येणार? पुरुषांच्या बाजूला, काविळीतून उठून आलेला. आवाज धम्मदीपचा असेना का. ती ऐकत होती तेव्हा त्याच अंधारात मीही होतो, हे एकदा तिच्या डोक्यात बसलं, की पुढे ती जेव्हा जेव्हा घास आठवेल तेव्हा तिथं मी असेन. मुळापासूनच असेन.

गाडी सुरू केली तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं, की न्हावऱ्यात आईकडे न थांबता तो तडक घरी गेला.

आन् मग

प्राची लसूण सोलत बसली होती. सतीशने हातपाय धुतले, तिच्यासमोर बसला, चार पाकळ्या सोलल्या आणि जरा उशीर करून, सहज आठवल्यासारखं म्हणाला,

"खरं सांगू का. त्या पिक्चरला मी बी हुतो."

"कोणच्या?"

"कवठ्याच्या. मैतर हुता एक, त्याच्यासंगं आलतो. तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

प्राचीचे हात थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली. सतीशने तयारी ठेवली होती, की ती हसेल, काहीही सांगता म्हणेल, मग आपण जहाजाचं, घोंगड्यांचं, उकाड्याचं सांगायचं. ती हसली नाही. तिचे डोळे कुठेतरी लांब गेले आणि तिथे काहीतरी शोधायला लागले. सतीशला ते स्पष्ट दिसत होतं, अंधारात एक एक ओळ चाचपत चाललेली ती.

"दारापाशी बसला हुता?" तिने हळूच विचारलं.

"व्हय," सतीश म्हणाला. "दारापाशीच."

"हिरव्या चौकड्याचा शर्ट."

सतीशने मान हलवली. हिरव्या चौकड्याचा शर्ट त्याच्याकडे जन्मात नव्हता.

"अगं बाई," प्राची म्हणाली, आणि तिचं तोंड असं उजळलं, की तसं ते लग्न ठरलं त्या दिवशीही उजळलं नव्हतं. "ते तुम्ही हुता व्हय. घासाचं आलं आन् मला हुंदका फुटला, तवा सगळ्या पुरुषांत एकानंच मान वळवून मागं बघितलं. माझ्याकडंच. मी तीन दिवस म्हणत हुते, कोण असंल. मिरवणुकीत बी हुडकला." तिने लसणाचे हात पदराला पुसले. "गौतमीला ठाव हाय सगळं. तिला म्हणलं हुतं मी, करीन तर असल्यालाच करीन."

सतीशच्या हातातली पाकळी ठेचली गेली. धम्मदीप टक्कल घेऊन दौंडला बसला होता, निळ्याकडे तोंड करून. त्याचं काही राहिलं नव्हतं. दाराशी दुसराच बसला होता. खराखुरा, हिरव्या चौकड्याचा, कवठ्याचा किंवा शेजारच्या गावचा, अजूनही कुठेतरी एसटीत चढणारा-उतरणारा. आणि तो कोण, हे आता सतीशला ह्या जगात कुणालाही विचारता येणार नव्हतं, कारण तो सतीशच होता.

प्राची हसत होती, तिचे डोळे भरले होते. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि सरकून जवळ बसली.

"आन् मग?" सतीशने विचारलं. "मग काय केलं मी?"

प्राचीने लसणाची पाटी बाजूला सारली आणि सांगायला लागली.